रजा असूनही घरी का आलो नाही

जन्मठेप भोगून परत आल्यापासून नातेवाईक आणि देवळात भेटणारे माझ्या वयाचे लोक एकच विचारतात: संचित रजा, म्हणजे शिक्षा चालू असताना काही दिवस घरी जायची सुटी, मिळत असताना तुम्ही घरी का येत नव्हता? गुन्हा आणि खटला तुम्हाला ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही.

रजा आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, जामीनदार द्यावा लागतो, पोलीस ठाण्याचा अहवाल यावा लागतो. माझ्या अर्जाच्या चौकशीला शिपाई घरी गेला, तेव्हा नातीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि पाहुणे ओसरीवर बसले होते. मुलगा काय म्हणाला, ते मला नामंजुरीच्या पत्रातूनच कळले. मोतीबिंदूमुळे मला अक्षर लागत नव्हते, म्हणून शेजारी झोपणाऱ्या, नातवाच्या वयाच्या पोराने ते बरॅकीत वाचून दाखवले. ‘नातेवाईक जामीन राहण्यास तयार नाहीत’ या ओळीपाशी तो अडखळला. मी ‘वाच’ म्हटल्यावर त्याने ती पुन्हा, हळू आवाजात वाचली. पुढच्या मुलाखतीला जाळीपलीकडून मुलाने विचारले, “अण्णा, अर्जाचं काय झालं?” मी म्हणालो, “अजून काही आलं नाही.” त्यानंतर मी अर्ज केला नाही.

मुलाला बोल लावू नका. त्याच्या जागी मी असतो तर वेगळे वागलो असतो, असे मला वाटत नाही. नातीचे लग्न मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो, असे तेव्हा स्वतःला सांगत होतो. पण लग्न पार पडले, तरी मी अर्जाचा कागद मागितला नाही. मग तो त्याग होता की राग, हे तुम्हीच ठरवा.

शिवाय आत म्हाताऱ्याला जे लागेल त्याचा अर्जच होतो. २०२० साली तळोजा कारागृहात ८३ वर्षांच्या, हात थरथरणाऱ्या, आदिवासींच्या हक्कांसाठी काम केलेल्या फादर स्टॅन स्वामींना पाणी पिण्याच्या स्ट्रॉसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, हे तुम्ही वाचले असेल. पन्नाशीपुढच्या बंद्यांना स्वखर्चाने गादी-उशी वापरण्याची मुभा महाराष्ट्रात २०२३ मध्ये मिळाली. तोवर गुडघ्यांचे दुखणे घेऊन मी फरशीवरच झोपलो. ती गादी मुलाने मी न मागता आणून दिली. तिच्यावर झोपलो, पण रजा मागितली नाही.

एवढी विनंती आहे की हा प्रश्न त्याच्यासमोर विचारू नका. ते पत्र मी वाचून घेतले होते, हे त्याला अजून माहीत नाही.