तुम्ही विचारलंत म्हणून: दोन जातींची माकडं एकत्र ठेवली तर भांडत नाहीत का?

प्राणिसंग्रहालयांसाठी आवारं आखतो म्हटलं की आमच्या संभाजीनगरात लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न येतो. आणि विचारणाराच उत्तर देऊन टाकतो, "जागा मोठी ठेवली की झालं!"

भांडणारच. आणि नुसत्या मोठ्या जागेनं भागत नाही. एकरभर मैदान दिलं, पण पळणाऱ्याला कोपऱ्यात गाठता आलं, तर ते आवार लहानच. म्हणून मी क्षेत्रफळाआधी वाटा बघतो. कुठल्याही फांदीवरून, मचाणावरून निसटायला दोन तरी रस्ते हवेत. जुन्या वाड्यात पुढचं-मागचं दार अडलं तरी माळवदावरून शेजारी उतरता यायचं, तसं. जाळीत भोकं अशी ठेवायची की धाकटी जात सुर्रकन जाईल, थोरल्याचे खांदे अडकतील. मधे झुडपं, खडक, आडभिंती. नजरेआड होता आलं की भांडण तिथंच विझतं. रात्रीचे गाळे मात्र वेगळे.

परदेशात गोरिलांबरोबर मँगाबे माकडं, ओरांगउटानांबरोबर सियामांग नावाचे गिबन आणि गेलाडा माकडांबरोबर चक्क आयबेक्स नावाचे डोंगरी बोकड ठेवतात. सियामांग वर झुलतात, त्यामुळे ओरांगउटानांना चुकवू शकतात. चिंपांझींच्या शेजारी मात्र कोलोबस माकडं ठेवायला मी धजणार नाही. जंगलात चिंपांझी त्यांची शिकार करून खातात.

खरी धास्ती मला मारामारीपेक्षा आजारांची. स्क्विरल मंकीच्या अंगात एक हर्पिस विषाणू असतो. त्याला त्याचं काही होत नाही, पण तोच मार्मोसेट या चिमुकल्या माकडांना लागला तर जीवघेणा कर्करोग होतो. अशा जोडीला कितीही मोठी जागा पुरत नाही.

"मग आपलं वानर आणि लालतोंडं माकड?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी नको म्हणतो. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं. माकडाला टाकलेली गोड फळं, पोळ्या त्यानं बकाबका खाल्ल्या की पोट फुगलंच. (वेरूळला वानरांना बिस्किटं चारून पुण्य कमावणाऱ्यांनी हे वाचावं.) त्यापेक्षा वानराखाली चितळ सोडा. वरून पडलेला पाला चितळ खातात, आणि धोका दिसला की एकमेकांची हाक दोघंही ओळखतात. रानात त्यांचं असंच चालतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि सावली एकच असली, की टोळीचा दांडगा ती बळकावून बसतो. म्हणून सावली, पाणी, चारा, सगळं चार ठिकाणी विखरून द्यायचं.

ओळखही बेताबेतानं करून द्यायची: आधी वास, मग जाळीआडून दर्शन, मग एकत्र सोडणं. तरी जमलं नाही तर वेगळं काढायला एक रिकामा गाळा आराखड्यात पहिल्यापासून हवा. खर्चाला कात्री लावताना सगळ्यांची नजर आधी त्याच गाळ्यावर जाते. मी तिथं अडून बसतो.