इथे तर पाऊसच नाही!

२६ जुलै २००५. मुंबईच्या सीएसटीच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, तिकीट खिडकीवर माझी दुपारची पाळी. आमचा हॉल म्हणजे स्टार चेंबर, छतावर सोनेरी तारे. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही १८८८ची इमारत आदल्याच वर्षी जागतिक वारसा यादीत गेली होती, त्यामुळे परदेशी पाहुणे माना वर करून फोटो काढायचे. रांगेतला माणूस काही वर बघत नाही. त्याचं लक्ष सुट्ट्या पैशांवर आणि सुटणाऱ्या फास्टवर.

दुपारीच निरोप आला, कुर्ला-शीवला रुळांवर पाणी, गाड्या अडकल्या. लोकलच्या मोटरी डब्याखाली असतात. पाणी तिथवर चढलं की मोटरमन तरी काय करणार? पण हे रांगेला पटेना. फोर्टात नेहमीसारखीच रिपरिप.

"अहो मास्तर, बाहेर बघा जरा. इथे तर पाऊसच नाही!"

माणसं खोटं बोलत नव्हती. नंतर आकडे आले : चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात!

१८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरातून ठाण्याला गेली होती. दीडशे वर्षांनी आम्ही ठाण्याचं तिकीट देणं थांबवलं.

तरी मंत्रालय, फोर्ट, बॅलार्ड पिअर, कचेऱ्या सुटल्या तशी माणसं येतच राहिली. गाड्या नाहीत हे ठाऊक असूनही. घरी जायचं म्हणजे आधी सीएसटी गाठायचं, ही पायांची सवय. मोबाइल लागत नव्हते, पीसीओसमोर, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथसमोर, रांगा. रात्री फलाटांवर वर्तमानपत्रं पसरून लोक आडवे झाले. माझी पाळी सोडवणारा रिलीव्हर कल्याणहून यायचा, म्हणजे मीही तिथेच. विकायला काही नव्हतं, पण खिडकी बंद करवेना. निदान विचारणाऱ्याला उत्तर तरी मिळेल.

बदलापूरचे एक आजोबा आले.

"साहेब, तिकीट काढल्यापासून तासाभरात गाडीत बसायचं असतं ना? तो तास गेला. टीसीने धरलं तर?"

"आजोबा, आज कोण विचारतंय?"

"उद्या सकाळी विचारेल की!"

शेवटी प्लॅटफॉर्म तिकीट दिलं. त्यांनी ते दिव्याखाली नेऊन वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि गेले.

दोन तासांनी पुन्हा खिडकीशी हजर. या तिकिटाची मुदत दोनच तासांची असते. सुटे पैसे मोजूनच आणले होते.