सावित्रीची परतवाट

पुराणकथांचे अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या वीरकथांचा एक सामाईक सांगाडा मांडला: नायक घर सोडतो, कसोट्या पार करतो, काहीतरी मिळवून परततो. नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटात मी हट्टाने महाभारताच्या वनपर्वातली सावित्री या सांगाड्याशेजारी ठेवली, आणि वाद चांगलाच रंगला.

तिच्या हातात ना शस्त्र, ना पाठीशी गुरू. यम सत्यवानाचा प्राण घेऊन दक्षिणेला निघतो आणि ती मागोमाग चालत राहते. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, असं ती साक्षात यमालाच सांगते! मग बोलता बोलता सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, असे वर मिळवत जाते. सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र व्हावेत, हा वर यम देऊन बसतो, तिथेच तो अडकतो.

पण मला खरी थोर वाटते ती परतवाट, जी सांगताना बहुतेक जण गाळतात. रात्र पडलेली, सत्यवान अशक्त. ती फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर टाकून त्याला सावरत चालू लागते. यमाला जिंकून आलेल्या बाईला टोपलीचंही भान आहे!

गटातल्या एका काकांचं म्हणणं, ही वीरकथा नव्हे, पतिव्रतेची कथा. मला ते अजिबात पटत नाही. पुढच्या बैठकीला प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्याचा नायक गिल्गमेश घेतोय. अमरत्व शोधायला निघून तो रिकाम्या हाताने परततो. त्याला वीर म्हणायचं, तर सावित्रीला का नाही?