आजीच्या तीन रात्री

१७ सप्टेंबर, रात्री

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि आजीला गाडीत बसवून बार्शीला नेऊन आणलं, कधीची मागं लागली होती. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावातनं बार्शी फार तर तासाभराची, पण आजीला विचारलं तर तीन रात्री. १९४८ला ती सहा वर्षांची होती, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांच्या भीतीनं सगळं घर बैलगाडीत बसून निघालं, बार्शी मुंबई इलाख्यात म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर म्हणून तिकडं. दिवसा ओढ्यात थांबायचं, रात्री चालायचं, बैलांच्या घुंगरमाळासुद्धा काढून ठेवलेल्या.

तारीख तिला नाही सांगता येत. "पंचमीचा झोका बांधायच्या आधी निघालो," एवढंच. किती दिवस राहिलात विचारलं की दोन वरसं म्हणते. पणजोबा दोन महिने सांगायचे. भारत सरकारची निजामाविरुद्धची लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, १३ सप्टेंबरला सुरू झाली, १७ला निजाम शरण आला, हे सांगून मी आधी तिला दुरुस्त करायचो, आता नाही करत, लोकाच्या ओसरीवर अर्धपोटी काढलेले दोन महिने त्या वयात किती लांब झाले असतील ते तिलाच माहीत.

हद्द म्हणजे काय ते तिला दुकानात कळलं. मुठीत हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, घेऊन गुळ आणायला गेली तर दुकानदार म्हणला, हा इथं चालत नाही पोरी, कलदार आण, म्हणजे इंग्रजी नाणं. आज बार्शीच्या बाजारात तेच सांगताना तिचा आवाज कापत होता. नंतर बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीची शिट्टी आठवली, तिथं आता ब्रॉडगेज झालीय.

परत येताना बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, आम्ही माघारी आलो तवा शेजारच्या घराला कुलूप व्हतं. तिथली मुसलमानाची पोर तिच्या बरोबरीची, पंचमीला दोघी एकाच झोक्यावर. ॲक्शननंतर उस्मानाबाद जिल्ह्यात मुसलमानांचं काय झालं ते नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय, पण आमच्या घरात हा विषय मी आजपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नाही याचं आज फार वाईट वाटलं.

गावाच्या फाट्यावर तिनं गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडं बघत राहिली.

"त्यांच्याकडं बैलगाडी नव्हती रं. चालतच गेली असंल का ती?"