माटोळीखाली निघालेला आयसीयूचा विषय

चवथीला पंधरा दिवस डिचोलीला आले आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीला, सुपारीचे घोस बांधता बांधता ताईच्या मुलीने विचारलं, "मावशी, कुठली स्पेशालिटी केली की बाहेर लवकर जाता येतं?" ती बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उत्तर तिने ठरवूनच ठेवलं होतं: आयसीयू. आवडतं का विचारलं, तर म्हणाली, "मान आहे ना त्याला!"

हा प्रश्न मला फार लागला, कारण मीही याच हिशोबाने आयसीयू धरलं होतं. इथे तीन वर्षं, मग बर्मिंगहॅमला दोन. तिकडे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स असते, हे पाहून पहिले काही दिवस मी चकित झाले होते. काम चोख करायचे. पण पेशंट बोलायला लागला की त्याला वॉर्डात हलवायचे, आणि माझ्या वाट्याला पुन्हा नवा, निपचित पडलेला माणूस यायचा. वर्षाअखेरच्या भेटीत मॅनेजरने विचारलं, "ड्युटी संपल्यावर काय आठवून बरं वाटतं तुला?" मला रडूच आलं. आमच्याकडे रोस्टर लागायचा आणि आम्ही जायचो. अर्थात, रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात दोघीच असताना हे विचारणार कोण आणि कधी?

तेव्हापासून मी डायलिसिसला आहे, म्हणजे मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त मशीनने शुद्ध करतात तिथे. ताई म्हणते, "सोपं घेतलंस." सोपं नाही ते. आठवड्यातून तीनदा, साधारण चार-चार तास, तीच माणसं वर्षानुवर्षं समोर येतात. मशीनला रक्त नेता यावं म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो. सुया टोचण्याआधी त्यावर बोटं ठेवायची. आरतीच्या वेळी वाजणाऱ्या घुमट वाद्याच्या चामड्यावर हात ठेवला तर जशी थरथर लागते, तशी ती लागते. माझ्या पेशंटांतल्या एका आजोबांची थरथर एका सकाळी मंद लागली. मशीन लावायच्या आधीच डॉक्टरांना बोलावलं, आणि फिस्टुला पूर्ण बंद पडण्याआधी उपचार झाले. त्यांचा हात मी दोन वर्षं पाहत होते, म्हणूनच फरक कळला. आणि हो, आमचं युनिट रविवारी बंद असतं, आईशी निवांत बोलता येतं. निवडताना हेही मी धरलं होतं. त्यात चूक काय?

तिकडे शिक्षणाला प्रवेश घेतानाच शाखा ठरते: प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य किंवा बौद्धिक अक्षमता. आम्ही बाळंतपणापासून उपकेंद्रापर्यंत सगळं करून बाहेर पडतो, आणि हे तिकडच्या मैत्रिणींना सांगताना माझी मान ताठ असते. एमएस्सीला जायचं तर आपल्याकडेही आधी एक वर्ष नोकरीचा अनुभव लागतो. ते वर्ष मुलींनी आपला स्वभाव पाहण्यात घालवावं. अचानक धावपळ झाली की डोकं थंड राहतं, की नंतर रात्रभर झोप लागत नाही? त्याच माणसाची तीच तक्रार दहाव्यांदा ऐकताना जीव रमतो की कंटाळतो? व्हिसाचे नियम बदलत राहतात, हे बदलत नाही.

भाचीची मानसोपचाराची पोस्टिंग बांबोळीला झाली. त्या दिवसांत ती फोनवर तासभर तिथलंच बोलायची. आयसीयूबद्दल कधी पाच मिनिटंही नाही. हे मी बोलून दाखवलं, तशी ताई उसळली, "वेड्यांच्या इस्पितळात? उद्या लग्न कसं जुळायचं?" मीही आवाज चढवला. देवासमोर चढवायला नको होता.

रात्री आरत्या आटोपल्यावर भाची हळूच म्हणाली, "तिथली एक बाई कोणाशीच बोलत नव्हती. दोन आठवड्यांनी तिने मला नावाने हाक मारली." ताई काही बोलली नाही. नेवऱ्यांचं ताट तिने मुलीपुढे सरकवलं आणि विचारलं, "मग तू काय केलंस?"