सॅन डिएगोत डिस्क गोल्फ: ‘प्रो शॉप’च्या भरवशावर जाऊ नका

अजून पोटऱ्या भरून आल्यात आणि डोकंही शांत झालेलं नाही, पण ताजं आहे तोवर लिहितो. सॅन डिएगोकडे डिस्क गोल्फ (गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी चकती फेकून ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची) खेळायला येणाऱ्या आपल्या मंडळींनी ‘प्रो शॉप’ म्हणजे कोर्सवरचं सामानाचं दुकान ‘आहे’ एवढं वाचून निर्धास्त होऊ नये.

शहराच्या पूर्वेला डोंगरात एक खासगी कोर्स आहे. नाव देत नाही. त्यांच्या माहितीत प्रो शॉप, पाणी, स्वच्छतागृह, भाड्याच्या डिस्क असं सगळं होतं. प्रत्यक्षात शॉप म्हणजे एक लोखंडी कंटेनर, आणि तो दुपारी तीनला बंद. आत पटर, म्हणजे बास्केटजवळून टाकायची डिस्क, एकही नाही. उरलेले सगळे स्पीड 12-13चे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क; स्पीडचा आकडा जितका मोठा, तितक्या जोराने ती फेकावी लागते. नवख्या माणसाने असा ड्रायव्हर उजव्या हाताने बॅकहँड मारला की तो थोडं जातो आणि डावीकडे कोसळतो, थेट झुडपात. एका डिस्कवर 27 डॉलरचं स्टिकर होतं. कोपरा सुटलेला होता, नखाने ओढला तर खाली 18 डॉलरचं. विचारलं तर म्हणे, डोंगरावर माल आणायचा खर्च. ही सरळसरळ लूट आहे. भाड्याच्या डिस्क मागितल्या, तर कडा फाटलेल्या काढून दिल्या आणि वर अनामत म्हणून कार्ड ठेवून घेतलं.

खरा त्रास नवव्या बास्केटनंतर. तिथून तेराव्यापर्यंत नुसता चढ, पायाखाली सुटी खडी, सावलीचा पत्ता नाही. नकाशावर दाखवलेला नळ कोरडा. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली कंटेनरमध्ये, आणि कंटेनर बंद! सोबत लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-वडील असतील तर इथे अजिबात जाऊ नका. एकटे जाणार असाल तर माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, सकाळी सातला सुरुवात करा आणि उन्हाळ्यात दुपार टाळाच.

मॉर्ली फील्डचा दिवस मस्त गेला. सॅन डिएगो शहरातल्या बाल्बोआ पार्कमधलाच कोर्स आहे, आधी प्रो शॉपमध्ये पैसे भरायचे आणि मग खेळायचं. प्रो शॉप असावं तर असं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने डोळे झाकून इथेच जावं.

वर लॉस एंजेलिसकडे, पासाडेनाजवळ, जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेला लागून, ओक ग्रोव्ह हा कोर्स आहे. या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी 1975 साली उभारलेला हा जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स, त्यामुळे या खेळाचं वेड असेल तर चुकवू नका. पण डिस्क घरून घेऊनच जा, आणि डिस्क झुडपात गेली तर आधी पानं बघा. तीन-तीन पानांचे झुबके दिसले तर तो पॉयझन ओक, अंगाला लागला की खाज आणणारं झुडूप. हात घातलात तर आठवडाभर खाजवत बसाल.

नव्यांनी एक पटर, एक मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) आणि स्पीड 7च्या आसपासचा एक ड्रायव्हर शहरातच विकत घ्यावा. वजन 165 ग्रॅमच्या आत असलं तर बरं. डिस्कच्या मागे पक्क्या शाईने फोन नंबर लिहा, इथले खेळाडू सापडलेली डिस्क आवर्जून फोन करून परत देतात. आणि निघण्यापूर्वी शॉपला फोन लावून तीनच गोष्टी विचारा: पटर शिल्लक आहेत का, नळाला आज पाणी आहे का, शॉप किती वाजता बंद होतं. उत्तर देताना माणूस घुटमळला तर मॉर्ली फील्डला जा.