तुम्ही विचारलंत म्हणून : एका वर्षाच्या फरकाविषयी

‘श्मितेचे, म्हणजे ज्यू धर्मनियमानुसार जमीन पडीक ठेवण्याचे सातवे वर्ष, एका वर्षाने मागेपुढे झाले तर एवढे काय बिघडते?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो.

हे वर्ष एका शरदापासून पुढच्या शरदापर्यंत चालते. प्राचीन श्मितांची साले मोजणाऱ्या दोन अभ्यासकांपैकी त्सुकरमान यांच्या गणनेत इ. स. 68-69 हे श्मितेचे वर्ष ठरते, वाखोल्डर यांच्या गणनेत 69-70. आज इस्राएलमध्ये पाळले जाणारे चक्र पहिल्या गणनेशी जुळते; पण पुढच्या काळातली प्रथा म्हणजे प्राचीन काळाचा पुरावा नव्हे.

काय बिघडते ते ज्यूंचा राजा हेरोद याने घातलेल्या वेढ्यात दिसते. यरुशलेममध्ये अडकलेल्यांना श्मितेमुळे धान्याची टंचाई भासली, असे प्राचीन ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो आणि ज्या रोमन कॉन्सलांची (दरवर्षी बदलणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची) नावे देतो, त्यांवरून इ. स. पू. 37 हे साल निघते. रोमन इतिहासकार डिओ मात्र त्याआधीच्या वर्षाचे कॉन्सल सांगतो. त्सुकरमान यांचे 38-37 हे वर्ष 37 च्या उन्हाळ्याला सामावून घेते. वाखोल्डर यांचे वर्ष 37 च्या शरदात सुरू होते; मग उन्हाळ्यातला वेढा 36 मध्ये ढकलावा लागतो, नाहीतर जोसेफसचे वाक्य सैल वाचावे लागते. वेढा सरकला की त्यानंतरची हेरोदाची 34 वर्षे सरकतात, त्याच्या मृत्यूचे साल सरकते, आणि येशूच्या जन्माचा काळ त्या सालावरून काढणाऱ्यांचा हिशेबही हलतो.

हेच मी एका नियतकालिकासाठी लिहिले होते. छापून आले तेव्हा डिओचा उल्लेख, वाखोल्डर आणि शंकेचा पूर्ण परिच्छेद गायब होता. उरले होते फक्त ‘इ. स. पू. 37’, माझ्या नावाखाली, निःशंकपणे. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की वाचकाला एकच साल हवे असते. मी ती लेखमाला तिथेच थांबवली. त्याला हट्ट म्हणणारे आहेत. मला तो हट्ट वाटत नाही, कारण जे मी ठामपणे म्हटलेच नाही, ते माझ्या तोंडी घातले गेले होते. तरीही मान्य करतो की वाचकाच्या हाती काहीतरी ठोस द्यावे, ही संपादकाची गरज खोटी नव्हती, आणि मी ती कशी भागवावी हे मला आजही सुचलेले नाही.

मृत समुद्राजवळच्या मुरब्बाअत येथे सापडलेल्या प्राचीन ऋणपत्रात रोमन सम्राट नीरोचे दुसरे वर्ष आणि श्मिता एकत्र येतात, एवढे पुरे, असे माझ्यातला जुना अभ्यासक अजूनही म्हणतो. नीरो 54 च्या ऑक्टोबरात गादीवर आला. तिथून मोजल्यास दुसरे वर्ष 55-56, म्हणजे वाखोल्डर. पण लेखनिकाने वर्ष वसंतापासून मोजले असेल, तर 55 चा उन्हाळा त्सुकरमान यांच्या 54-55 मध्येही बसतो. शिवाय श्मितेचा तो उल्लेख त्याच वर्षाविषयी आहे की (श्मितेत कर्जे माफ होतात म्हणून) कर्ज बुडू नये यासाठी घातलेली सर्वसाधारण अट आहे, यावर माझे त्या अभ्यासकाशी अजून एकमत झालेले नाही.